दिंडीतल्या माउलीचं दुखणं कोणाचं?

दिवेघाट
विषय लांबण आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

हडपसरच्या बाजूला आमचं अकरा जणांचं भजनी मंडळ आहे. गुरुवारी भजन, एकादशीला हरिपाठ, आणि आषाढात सगळे मिळून एकाच दिंडीत आळंदी ते पंढरपूर. मी सोळा वर्षं चालतोय. तात्या माझ्या कितीतरी आधीपासून. तात्या म्हणजे आमचे विणेकरी, वय एकाहत्तर. ज्यांनी वारी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, वीणा जमिनीवर टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून निघाली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या.

मार्गशीर्षात तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पंधरा दिवस दवाखान्यात काढून आता घरी आणलंय. घर म्हणजे एक खोली. काकी जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. सातारा जिल्ह्यात एक पुतण्या आहे. तो म्हणाला, "मला इथनं जमणार नाही, तुम्ही मंडळवाले आहात ना." जमेल तसे थोडे पैसे पाठवतो. त्याच्यावर माझा राग नाही.

परवा एकादशीला आम्ही सगळे त्यांच्या खोलीत जमलो. बुक्का लावला, हरिपाठ झाला. मग एकाने पंढरपूरहून आणलेलं तीर्थ चमच्याने तात्यांच्या तोंडात घातलं. तात्यांना असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. मी उचलून बसवलं, पाठीवर थापट्या मारल्या, चार-पाच मिनिटांनी श्वास ठिकाणावर आला. आणि उचलताना माझ्या हाताला ओल लागली. चादर सकाळपासून भिजलेली होती. दीड तास आम्ही त्यांच्याभोवती बसून म्हणत होतो आणि ते ओल्यात पडलेले होते. अकरा जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

बाहेर आल्यावर वादावादी झाली. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे म्हणाले, "देह नाशिवंत. त्याच्या कानावर नाम पडत राहील एवढं बघणं आपलं काम. बाकीला बाई ठेवा, वर्गणी काढू." दुसरा एकजण तडकला, "मी दिंडीची भिशी भरतो, दत्तकपत्र लिहून दिलेलं नाही." बाकीचे चपला घालून निघाले.

मला एक आठवत राहतं. माझी तिसरी वारी. वाल्ह्याच्या मुक्कामी दोन्ही तळपायांना फोड, पाऊल टेकवेना. तात्यांनी कंदिलाजवळ बसून सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला, दोरा तसाच आत ठेवला, पाणी निघून गेलं. मग माझे चिखलाचे पाय मांडीवर घेऊन तेल लावलं. तेव्हा ते माझे कोण होते?

म्हणून विचारतोय. ज्याला आपण वर्षानुवर्षं माउली म्हणून वाकून नमस्कार केला त्याचं दुखणं आपल्यावर बंधनकारक आहे का? की ती नुसती मर्जीची गोष्ट? आणि असेलच बंधनकारक, तर त्याच्या देहाचं बघायचं की आत्म्याचं? माझं मत झालेलं आहे, पण ते रागात झालंय, म्हणून आधी तुमचं ऐकायचंय.

खारीक
तात्यांना लवकर आराम पडो. वाचतेय.

अंबाघाट
कटू वाटेल, पण दत्तकपत्रवाल्या गृहस्थांचं मला पटतं. एका दिंडीत दोन-तीनशे माणसं असतात, आपण सगळ्यांच्याच पाया पडतो. मग तीनशे जणांची आजारपणं माझी? बंधन म्हटलं की ते कोणीतरी जाणूनबुजून स्वीकारलेलं असावं लागतं. आईबाप, बायको, मुलं, फार तर शेजार. "माउली" हा आदराचा शब्द आहे, त्याला हुंडी समजू नका. तुम्ही तात्यांचं केलंत तर तो तुमचा मोठेपणा. दुसऱ्याने केलं नाही म्हणून त्याला कमी लेखायचा हक्क त्यातून मिळत नाही.

धम्मसखा
नागपूरहून लिहितोय. आमच्या बौद्ध परंपरेत या प्रश्नाला थेट उत्तर आहे आणि ते विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथाच्या, महावग्ग या भागात आहे.

एका भिक्षूला अतिसार झालेला. आपल्याच मलमूत्रात पडलेला. फिरत फिरत भगवान बुद्ध आणि त्यांचे शिष्य आनंद तिथे पोचले. बुद्धांनी विचारलं, तुझी सेवा करणारं कोणी नाही? तो म्हणाला, नाही, कारण मीही कधी इतर भिक्षूंच्या उपयोगी पडलो नाही. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून सांगितलं, तुम्हाला इथे ना आई ना बाप; तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. आजाऱ्याचं कोणी करायचं याचा तिथे क्रमच लावलेला आहे. उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्याने, आणि यात एकाच गुरूचे शिष्य, म्हणजे गुरुबंधू, स्पष्ट मोजलेले आहेत. कोणीच नसेल तर संघाने. न केल्यास दोष लागतो. म्हणजे मर्जीचा प्रश्नच उरत नाही.

आणि चांगला शुश्रूषक कोण, याचीही पाच लक्षणं दिलीत. औषध तयार करता यावं, पथ्य-कुपथ्य कळावं, लोभाने नव्हे तर मैत्रीने करावं, मलमूत्राची, थुंकी-वांतीची किळस येऊ नये, आणि अधूनमधून धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचं मन प्रसन्न करता यावं. किळस चौथी, धम्मचर्चा पाचवी. दिवेघाट, तुमचा देह की आत्मा हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

अंबाघाट
@धम्मसखा, प्रतिसाद फार आवडला, हे मला माहीत नव्हतं. पण ते भिक्षू होते. घरदार सोडलेले. म्हणून संघच त्यांचं घर. आम्हा वारकऱ्यांचं तसं नाही, वारी संपली की जो तो आपापल्या प्रपंचात. प्रपंच सोडू नका हेच तर संतांनी शिकवलं.

धम्मसखा
तात्यांना कुठे आहे प्रपंच?

सुरंगी
मी तेवीस वर्षं परिचारिका आहे. चर्चा नंतर, आधी तात्यांचं.

तोंडात तीर्थ, पाणी, चहा काहीही ओतू नका. झटक्यानंतर गिळण्याचे स्नायू नीट काम करत नाहीत आणि पातळ पदार्थ सरळ श्वासनलिकेत उतरतो. त्यातून न्यूमोनिया होतो. घरी आणलेले अर्धांगाचे कितीतरी पेशंट त्यानेच जातात. भरवताना पाठ पूर्ण ताठ, हनुवटी थोडी छातीकडे, घट्टसर पदार्थ, छोटे घास, आणि जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. तीर्थ द्यायचंच असेल तर बोट ओलं करून ओठांना लावा. देवाला तेवढं पोचतं.

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. हवेची गादी भाड्याने मिळते. माकडहाड, टाचा, घोटे, खांद्याचं हाड रोज उजेडात बघा. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिली तर तिथे जखम होऊ घातलीय असं समजा. ती जागा चोळू नका, त्यावर भार येऊ देऊ नका. ओली चादर हा त्या जखमेचा सगळ्यात मोठा मित्र. उजवा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

हे सगळं एका माणसाच्याने होत नाही. बंधन आहे की नाही ते तुम्ही ठरवा, पण असलंच तर ते एकट्याने पेलायचं नाही. एकट्याने करणारा महिन्या-दोन महिन्यांत मोडतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

दिवेघाट
सुरंगीताई, तुमचा प्रतिसाद छापून खोलीच्या दारामागे चिकटवला. टाचा पाहिल्या. डावी लाल आहे.

वसईवाला
आमच्या कॅथलिक परंपरेत या नात्याला नावच आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला धर्मपिता आणि धर्ममाता लागतात. हे नातं चर्च इतकं खरं मानायचं की धर्मपिता आणि ते मूल यांचं पुढे लग्न होऊ शकत नसे. चर्चच्या जुन्या कायद्यात तो अडसर होता, १९८३च्या नव्या कायदासंहितेतून काढला. पण कर्तव्य श्रद्धेपुरतंच आहे. मुलाची शाळेची फी भरा असं कुठे लिहिलेलं नाही, तरी आमच्याकडे आईबाप गेले तर धर्ममातेच्या दाराकडे गाव आपसूक बघतं.

दुसरी गोष्ट. दयेची कृत्यं आम्हाला लहानपणी पाठ करायला लावायचे. सात देहाची, सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट आणि मृताचं दफन ही देहाची. अज्ञानी माणसाला शिकवणं, शंकेत पडलेल्याला सल्ला, चुकणाऱ्याला समज, दुःखिताचं सांत्वन, क्षमा, दुसऱ्याचा त्रास सोसणं, आणि जिवंत-मृत सगळ्यांसाठी प्रार्थना ही आत्म्याची. माझी आजी म्हणायची, पहिली सात करताना हात खराब होतात, दुसरी सात करताना तोंड चालतं, म्हणून लोकांना दुसरी आवडतात. आजी शेतावरची बाई, थेट बोलायची.

खारीक
आजींना नमस्कार. वाक्य लिहून ठेवलं.

शांभवी
एक प्रश्न अजून कोणीच विचारला नाही. दिवेघाट, त्या अकरा जणांत बाया किती? आणि एकादशीनंतर त्या चादरी कोणी धुतल्या?

दिवेघाट
अकरापैकी बाया तीन. चादरी माझ्या बायकोने धुतल्या. आजपर्यंत बारा दिवस. ती आमच्या मंडळात नाही, तिने माळही घातलेली नाही. तुम्ही विचारेपर्यंत हे मला लिहावंसं वाटलं नाही, याचं वाईट वाटतं.

शांभवी
प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं वाटलं. माझं म्हणणं इतकंच. माझ्या सासऱ्यांचे गुरुबंधू आमच्याकडे दीड वर्ष अंथरुणावर होते. नातं सासऱ्यांचं, पुण्य सासऱ्यांचं, भांडं माझ्या हातात. मी केलं, आणि त्या आजोबांवर माझा जीवही जडला. शेवटी शेवटी ते माझ्याशिवाय कोणाच्या हातून भात खात नसत. पण मला कोणी विचारलं नव्हतं. बंधन मानायचं असेल तर ज्याने पाया पडून नातं जोडलं त्याच्या हातांवर ते येऊ दे.

सुरंगी
+१. पुरुषांना शिकवावं लागतं, पण शिकतात. माझ्या वॉर्डात शिकलेत.

उंबरठा
मी विरुद्ध बाजूने लिहितेय. खूप विचार करून लिहितेय.

माझी आई एका आध्यात्मिक परिवारात होती. नाव घेणार नाही. तिथे सगळे एकमेकांचे गुरुबंधू, गुरुभगिनी. आईला मधुमेह होता, रोज इन्शुलिन. एका गुरुभगिनीच्या मनात आलं की आईचा भोग संपत आलाय, आता सुईवर विसंबणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं. कोणी जबरदस्ती केली नाही. फक्त रोज कोणीतरी यायचं, प्रेमाने बोलायचं, सोबत जप करायचं. मी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी. आईने इंजेक्शनं कमी करत करत बंद केली आणि मला कळू दिलं नाही. मला फोन आला तेव्हा ती बेशुद्ध होती. तीन दिवसांनी गेली.

ती माणसं वाईट नव्हती. अंत्यविधीला माझ्याहून जास्त रडली. त्यांना खरंच वाटत होतं की ती आईच्या आत्म्याची काळजी घेतायत. म्हणून "आत्म्याचं बघणं आमचं कर्तव्य" असं कोणी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. देहाची काळजी घेताना चूक झाली तर दिसते, टाच लाल होते. आत्म्याच्या बाबतीत चूक झाली तर ती दाखवणार कोण?

खारीक
उंबरठा, काय बोलावं कळत नाही. जवळ असते तर हात धरून बसले असते.

अंबाघाट
@उंबरठा, तुमची शेवटची दोन वाक्यं मी तीनदा वाचली. माझा मुद्दा मला तुमच्याइतका नीट मांडता आला नव्हता.

पिंपळपान
मला दारू सोडून नऊ वर्षं झाली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसमुळे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ, आपल्याकडेही गावोगाव बैठका असतात. तिथे नवीन माणसाला एक जुना सदस्य मार्गदर्शक म्हणून मिळतो, आम्ही स्पॉन्सर म्हणतो. रक्ताचं नातं नाही, जातपात कोणी विचारत नाही, आडनावसुद्धा माहीत नसतं.

पण त्या नात्याला कुंपण आहे, आणि त्या कुंपणामुळेच मी वाचलो. माझा स्पॉन्सर रात्री अडीच वाजता फोन उचलायचा. त्याने मला कधी पैसे दिले नाहीत, कधी बायकोशी माझ्या वतीने बोलला नाही. म्हणाला, "तुला प्यावंसं वाटलं तर मी तुझा. भाडं थकलं तर तुझा तू." तेव्हा राग यायचा. सगळ्या गोष्टींसाठी तो माझा झाला असता तर सहा महिन्यांत पळून गेला असता आणि मग अडीच वाजता फोन कोणी उचलला असता?

दिवेघाट, मंडळाला "तात्यांचं सगळं करा" म्हणू नका. काय आणि किती, ते आधी बोलून घ्या.

न्यूजर्सीकर
मी या गोष्टीतल्या पुतण्याच्या जागी आहे. वडील नाशकात, एकटे, पार्किन्सन्स. मी इथे. दिवसाला एक बाई आहे, तिचे पैसे मी पाठवतो. पण संध्याकाळी त्यांच्या भजनी मंडळातले दोघे येतात. एक दाढी करतो. दुसरा नुसता बसतो, पेपर वाचून दाखवतो. गेल्या वर्षी मी आलो तेव्हा दाढी करणाऱ्या काकांना पाकीट द्यायला गेलो. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "तुझे वडील माझ्या लेकीच्या लग्नात चार दिवस राबले होते, ते तुला माहीत नाही." मला खरंच माहीत नव्हतं. वडिलांचं एक अख्खं गणगोत मला माहीत नव्हतं.

मी बंधन म्हणू शकत नाही, कारण ज्याच्या वाटचं दुसरे करतायत त्याने कुठल्या तोंडाने म्हणावं. पण त्या दोघांमुळे मी रात्री झोपतो.

टाळकुटे
जरा अवांतर. धाग्यात कुठे विणेकरी लिहिलंय कुठे वीणा, एकदा ठरवा. आणि दिवेघाट, दिंडी माउलींच्या पालखीच्या रथापुढची की मागची?

दिवेघाट
मागची. रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांत आम्ही नाही. आणि तात्या "इना" म्हणायचे, तेच बरोबर धरा.

टाळकुटे
:) मग समाज आरतीचं तुम्हाला माहीतच असणार, पण इतरांसाठी सांगतो. माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता गदारोळ. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात शांतता. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, काय झालं विचारतात, सोडवतात, त्यानंतरच आरती. एका दिंडीचं गाऱ्हाणं मिटल्याशिवाय लाखोंची आरती होत नाही.

तात्यांना बोलता येत नाही, टाळ धरता येत नाही. तुम्ही हा धागा काढलात ते त्यांच्या वतीने टाळ वाजवणंच आहे.

साक्षीदार
वकील आहे, म्हणून कायद्याची बाजू. भारतीय कायद्याला गुरुबंधू हे नातं जवळपास दिसतच नाही. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४चा कायदा घ्या. जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं. २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं आली. उद्या तुम्ही गुरुबंधूला मूत्रपिंड द्यायचं म्हणालात तर प्राधिकार समितीपुढे उभं राहून पटवावं लागतं की हे प्रेमापोटी आहे, पैशांसाठी नाही. पण दार पूर्ण बंद नाही. "जिव्हाळ्यापोटी" देता येतं, एवढी जागा कायद्याने ठेवलीय.

मानसिक आरोग्याचा २०१७चा कायदा जास्त उदार आहे. त्यात आपला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून माणूस कोणाही सज्ञान व्यक्तीला नेमू शकतो, नातं लागत नाही. दवाखान्यातल्या इतर कागदांना मात्र नातेवाईक मागतात. पुतण्याकडून लेखी घेऊन ठेवा की निर्णयासाठी अमुक दोघांशी बोलावं. रात्रीबेरात्री अॅडमिट करायची वेळ आली की उपयोगी पडेल.

तात्यांचं रेशनकार्ड शोधा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागेल. पासष्टच्या वरच्या निराधारांना श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन असतं, अर्ज तहसील कार्यालयात. मंडळातल्या ज्यांना मलमूत्राचं जमत नसेल त्यांना ही धावपळ द्या. हीसुद्धा सेवाच आहे आणि यात पायच झिजतात.

निवृत्तीकाठ
मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माळकरी आहे. नातू टाइप करून देतोय. आपल्या मंडळातल्या ज्या वडीलधाऱ्यांवर सगळे रागावलेत, त्यांच्या बाजूने दोन शब्द.

चार वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडून मी पाच महिने पडून होतो. मुलगा-सून चांगली, बाई ठेवलेली, ती तर फारच चांगली. वेळेवर सगळं. कातडीला एक ओरखडा नाही. आणि त्या पाच महिन्यांत मला रोज वाटायचं की मी मेलोय आणि हे लोक एका सामानाची देखभाल करतायत. फडावरचं, म्हणजे आमच्या वारकरी मंडळातलं, कोणी येत नव्हतं. नंतर कळलं, त्यांना वाटायचं आपण जाऊन काय करणार, आपल्याला ना औषधातलं कळत ना काही. एक दिवस काकड्याला सोबत म्हणणारा माझा जोडीदार आला, खुर्ची ओढली आणि भल्या पहाटेचा काकडा दुपारी चार वाजता म्हणायला लागला. तेव्हा मी पहिल्यांदा रडलो. त्या आठवड्यात मी वॉकर धरून उभा राहिलो.

धाग्याच्या सुरुवातीला तीर्थाचा प्रसंग आहे, तो चुकीचाच. ओल्या चादरीत हरिपाठ म्हणणंही चुकीचं. पण म्हणून हरिपाठ चुकीचा होत नाही. कोरड्या चादरीत म्हणा.

उंबरठा
आजोबा, नमस्कार. "कोरड्या चादरीत म्हणा" हे मला मान्य आहे.

कंठस्वर
निवृत्तीकाठ यांच्या प्रतिसादाला माझ्या व्यवसायातून जोड देते. मी वाचा-उपचार करते. उजवं अंग गेलंय आणि वाचाही, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला. अशा रुग्णांना "पाणी द्या" एवढं म्हणता येत नाही, पण पुष्कळदा जन्मभर म्हटलेलं गाणं चालीसकट येतं. आरती, पाढे, ओव्या. पाठांतर आणि चाल यांची वाट थोडी वेगळी असते. दिवेघाट, हरिपाठ चालू असताना तात्यांच्या ओठांकडे आणि डाव्या हाताकडे कोणी पाहिलं का?

दिवेघाट
नव्हतं पाहिलं. काल पाहिलं.

संध्याकाळी गेलो, आधी चादर बदलली, कूस वळवली, पेज भरवली, अर्धा तास बसवून ठेवलं. मग समोर बसून एकटाच म्हणायला लागलो. दुसऱ्या चरणाला खाटेच्या लोखंडी दांड्यावर टक टक ऐकू आलं. डाव्या हाताच्या अंगठीने ते ठेका धरत होते. बरोबर समेवर. मी मुद्दाम एका ठिकाणी चुकलो तर त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. वारीत मी लय ओढायचो तेव्हा बघायचे ना, अगदी तसं. मी पुन्हा नीट धरलं. शेवटी ओठांतून "ठ्ठल" एवढा आवाज आला. "वि" आला नाही.

कंठस्वर
"वि" येईल. रोज म्हणा, हळू, त्यांच्या नजरेसमोर तोंड ठेवून. शब्द अर्धा म्हणून थांबा आणि त्यांना पुरा करू द्या. आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात वाचा-उपचार आहेत का ते साक्षीदार यांच्या धावपळीच्या यादीत घाला.

पाटीपुस्तक
एवढ्या धाग्यात गाडगेबाबांचं नाव कसं आलं नाही? पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बांधली आणि १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं आजही राहतात. हातात झाडू घेऊन दिवसा गाव साफ करायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन. आधी झाडू, मग कीर्तन, हा त्यांचा क्रम सगळ्यांना माहीत आहे. आपण फक्त रात्रीचा भाग उचलला.

टाळकुटे
दिवेघाट, एक सुचवू? तुमच्या गावाकडे अखंड हरिनाम सप्ताह होत असणार. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून फळ्यावर पहारे लिहितात. कोण किती वाजता, कोणाच्या हातून घेणार, कोणाला देणार. पहाटे तीनचा पहारासुद्धा कोणीतरी घेतंच, त्याला कोणी बंधन म्हणत नाही. तात्यांचे पहारे लावा. पिंपळपान म्हणतात तसं कुंपणही आपोआप पडेल, दोन तास म्हणजे दोन तास. सुरंगीताईंचं कूस बदलणंही दोन तासांचंच आहे.

अंबाघाट
हे मला पटलं. मी माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण पहारा मी स्वतः घेतलेला असतो. नाव मी फळ्यावर लिहितो. एवढी स्वीकृती मला पुरे आहे.

दिवेघाट
आठवडाभराने येतोय, उशीर झाला.

गुरुवारच्या भजनात हा विषय काढला. वाद घातला नाही, खडू घेतला आणि खोलीच्या भिंतीवरच्या फळ्यावर पहारे आखले. दिवसा बाई आहे, तिचे पैसे वर्गणीतून. संध्याकाळी सहा ते रात्री बारा आमचं, दोन-दोन तासांचे तीन पहारे. बारानंतर शेजारचा एक कॉलेजचा मुलगा तिथेच झोपतो, गजर लावून दोनदा उठतो, त्याला मेसचे पैसे देतो. घड्या, चादरी, भांडी ज्याच्या पहाऱ्यात येतील त्याने करायच्या. माझ्या बायकोला सगळ्यांदेखत सांगितलं की आजपासून तू यातून मोकळी. ती म्हणाली, मंगळवार संध्याकाळ माझी राहू दे, मला त्यांची सवय झालीय. मी तिचं नाव लिहिलं. पहिलं नाव तिचंच लागलं.

भिशीवाले त्या दिवशी काही बोलले नाहीत. शनिवारी रात्री दहाच्या पहाऱ्याला मी पोचलो तर ते आधीच आत. बाही वर करून तात्यांची टाच उजेडात धरून बघत होते. मला म्हणाले, "लाल कमी आहे कालच्यापेक्षा. तू दाबून बघ." म्हणजे आदल्या दिवशीही आले होते. फळ्यावर नाव नसताना.

वडीलधारे घाण काढत नाहीत, त्यांच्या गुडघ्यांना बसणंही होत नाही. ते रोज साडेसात वाजता येतात आणि चादर कोरडी आहे का ते आधी हाताने चाचपून बघतात. मग म्हणतात.

पहारा बदलताना आम्ही एकमेकांच्या पाया पडतो. कोणी ठरवलं नाही, पहिल्या दिवशी आपसूक झालं.

तीन जण आलेच नाहीत. त्यांना फोन केला नाही, करणारही नाही. माझा प्रश्न सुटला असं म्हणत नाही, कारण त्या तिघांना तुम्ही चुकलात असं म्हणायचा अधिकार मला आहे का, हे मला अजून ठरवता येत नाही. आषाढात ते दिंडीत समोर येतील, वाकतील, माउली म्हणतील. मीही म्हणेन. तेव्हा माझ्या मनात काय असेल ते आज सांगता येत नाही.

रविवारचा आठ ते दहा मात्र रिकामा आहे. हडपसरच्या आसपास कोणी असेल तर सांगा.

सुरंगी
मी कोंढव्याला. रविवार माझा लिहा. जखमही बघून जाईन.

उंबरठा
मी लांब आहे, पण महिन्यातून एकदा पुण्यात येते. पुढच्या वेळी सुरंगीताईंच्या सोबत आले तर चालेल का? मला म्हणता वगैरे येत नाही. कूस बदलायला शिकेन.

दिवेघाट
या. डावीकडच्या तिसऱ्या खोलीत. चपला बाहेर काढायच्या आणि आधी साबणाने हात.